आठव्या महिन्याची शीव

“शीव? कोन्ती शीव गं अक्का? सकाळी ही पोरगी खांद्यावर टिकाव टाकून कामावर गेली, तवा कुठं गेल्ती तुझी शीव? माळावर चरायला सोडल्ती व्हय?”

“धुरपता, तोंड सांभाळून बोल. आठवा लागलाय तिला.”

“मला म्हाईत हाय आठवा लागलाय. माती उपसायला आठवा चालतो, अन् दवाखान्याला चालत न्हाई?”

“कामावरून ती दिस बुडायच्या आत माघारी येती. निजायला आपल्या शिवंतच असती. त्याला वलांडनं म्हनत न्हाईत.”

“मग काय म्हंत्यात त्याला? शिवंनं सवलत दिली म्हंत्यात?”

नागुबाई दारात दोन्ही चौकटींना हात लावून उभी होती. तिच्या मागं, घरात, वाकळंवर तिची सून चांगुणा आडवी पडलेली. ओट्यावर नागुबाईचा पोरगा भीमा डोक्यावरचं उपरणं हातात घेऊन बसला होता; त्याच्याकडं बघितलं तर वाटावं, बायको ह्याची न्हाई, शेजाऱ्याची आहे. आणि अंगणात धुरपताबाई. भीमाची चुलती, नागुबाईची धाकटी जाऊ. अर्धा कोस पळत आलेली, पायात चप्पल न्हाई, ऊर वरखाली होतंय, आणि तरी तोंड चालू.

झालं होतं ते एवढंच. बोरदरा गावाला दुसऱ्या वर्षीही पाऊस चुकला. विहिरी खडखडल्या. जांभळसांगवीच्या शिवारात पाझर तलावाचं रोजगार हमीचं काम निघालं, आणि बोरदऱ्याचे सगळे हातपाय तिकडं गेले. बोरदऱ्याची शीव एका कोरड्या ओढ्यावर संपते. ओढा उतरून चढलं की जांभळसांगवी. तिथं धुरपताबाईच्या हाताखाली दहा बायाबाप्यांची टोळी माती खोदायची. त्यात भीमा खोदायला, चांगुणा टोपली भरायला.

त्या दिवशी सकाळी पाणी आणायची पाळी धुरपताबाईची होती. ती दोन घागरी घेऊन टँकरकडं गेली. तेवढ्यात चांगुणा पडली. उठताना न्हाई, चालताना न्हाई. बसल्या जागी टोपलीत माती ओढताना हातातलं खोरं सुटलं आणि ती पुढं कोलमडली, पोट टोपलीच्या काठावर. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी पायातलं खेटर हुंगवलं. एकानं सांगितलं, तोंड दाबून धरा. शेवटी दोन धोतरं बांबूला बांधून झोळी केली, पोरीला तिच्यात घातलं आणि चार बाप्ये निघाले.

कुठं निघाले? ह्याच गोष्टीवर धुरपताबाईचं डोकं फुटायची वेळ आली होती. कामाच्या बांधावर उभं राहून हाक मारली तर डांबरी सडकंवर ऐकू जाते. त्या सडकंनं अहमदपूरला एसटी जाते, ट्रक जातात, अडत्यांच्या जीपा जातात. चांगुणा आधीच शिवंच्या बाहेर होती. सडक समोर होती. आणि ह्या चार शहाण्यांनी तिला सडकंकडं पाठ करून, ओढा उतरून, परत शिवंच्या आत आणून टाकलं. आणून टाकल्यावर नागुबाईला आठवा महिना आठवला: आठव्यात पोटुशीनं गावाची शीव वलांडायची न्हाई.

“सरक,” धुरपताबाई म्हणाली. “निदान बघू तरी दे.”

नागुबाई सरकली. आत गेल्या गेल्या धुरपताबाईनं पहिल्यांदा पोरीच्या तोंडाजवळ धरलेला तांब्या बाजूला केला.

“कोन पाजून राहिलं हिला? पुरती सुदीत न्हाई ती. नरड्यात जाईल पानी, गुदमरून मरंल.”

तिनं चांगुणाला डाव्या कुशीवर वळवलं. पायाकडं हात नेला. पाय सुजून तेलाच्या बुधल्यासारखे झालेले. जोडवी मांसात रुतलेली. बोट दाबलं तर खड्डा पडला, आणि तो भरून येईना.

“चांगुणा, अगं चांगुणा. ऐकू येतंय का माझं?”

“हाव… काकी.”

“डोकं दुखतंय?”

“लई. रातीपासून. फुटून राहिलंय.”

“डोळ्याला नीट दिसतंय का?”

“काजवे… काजवे चमकतेत.”

“अन् आतलं? फिरतंय का आत?”

पोरीनं नुसती मान हलवली. मग म्हणाली, “सकाळपासून न्हाई.”

धुरपताबाई उठली. तिला राग आला होता तो एकट्या नागुबाईचा न्हाई. पंधरा दिवसांमागं हीच चांगुणा तिला म्हणाली होती, “काकी, उठलं की भवळ येती.” आणि धुरपताबाईनं काय सांगितलं? “येती गं. आमाला न्हाई का आल्या? खाऊन निगत जा.” त्यानंतर दोन दिवसांनी पोरगी उभी राहताना खरंच पडली. तेव्हा धुरपताबाईनंच तिला बाभळीखाली आडवी केली, पाय दगडावर टेकवले, गुळाचं पाणी पाजलं. घटकाभरात पोरगी हसून उठली. बस्स, झालं. सगळ्यांनी टिकाव उचलले.

त्यानंतरच्या मंगळवारी नर्स तुळजाबाई कामावर गोळ्या वाटायला आली, तिला हे कळलं. तिनं बायांना बसवून घेतलं आणि एकेकीच्या डोळ्यात बघत सांगितलं:

“उभी राहताना भवळ आली, आडवी केली, शुद्धीवर आली, तरी दुसऱ्या दिवशी मला दाखवायची. रक्त बघायचं, रक्तदाब बघायचा. रोज रोज भवळ येते ही काही गंमत नाही. आणि बसल्या जागी पडली, नाहीतर पडून लवकर शुद्धीवर आली नाही, तर माझी वाट बघायची नाही. डोकं ठणकतंय, अंधारी येतेय, तोंडाहातावर सूज आहे, अंगावरून जातंय, पोटात दुखतंय, छातीत धडधडतंय—”

“बाई, एवढं सगळं एकीलाच व्हतंय व्हय?” एक बाई हसली.

“एकच झालं तरी पुरे आहे गं! पोटावर आपटली तरी. पोर फिरायचं थांबलं तरी. मला शोधू नका, गाडी शोधा.”

तुळजाबाई तेव्हाच म्हणाली होती, हिला माझ्याबरोबर द्या, तपासून आणते. धुरपताबाईनं सांगितलं, “आज न्हाई बाई, गुरवारी मोजमाप हाय, एक हात कमी पडला तर खड्डा पुरा व्हायचा न्हाई. पुढल्या मंगळवारी धाडते.” पुढल्या मंगळवारी तुळजाबाईची दुसऱ्या गावात पाळी होती.

आणि आज तो पुढला गुरुवार. खड्डा पुरा झाला होता.

“भीमा,” ती बाहेर येऊन म्हणाली, “गाडी जुंप.”

“बैलं चारा छावनीत हायेत, काकी.”

“मग मानसं बोलीव. झोळी बांध.”

भीमानं आईकडं बघितलं. चोवीस वर्षांचा बाप्या, भरदार छातीचा, आणि बायको आत मरून राहिली तरी मान आईकडं वळते.

“माय म्हनती—”

“माय काय म्हनती ते मला ऐकू आलंय. तू काय म्हंतोस?”

भीमा हातातल्या उपरण्याची घडी घालत बसला.

नागुबाई मात्र आता रडवेली झाली होती. “धुरपता, मला काय सून जड झालीय का? माझी भैन गेली अशीच. आठव्यात तिला गाडीत घालून माहेरी नेली, वड्यातच खल्लास झाली. पोर बी आन् ती बी. मी डोळ्यानं बघितलंय. सातव्यात न्या, नवव्यात न्या, आठव्यात शीव दाखवू नगा. डाकटरला इथं आना, मी आडवी येत न्हाई. शिवंच्या आत काय करायचं ते करा.”

“अक्का, तुझी भैन शिवंनं गेली न्हाई. ती गाडीत घालायच्या आधीच जाऊन राहिली होती. तवा बी कुणी तरी चार दिस वाट बघितली असंल, अन् नाव शिवंचं झालं.”

“तुला काय म्हाईत?”

“मला न्हाई तर कुणाला म्हाईत?”

ते नागुबाईलाही माहीत होतं. बहात्तरच्या दुष्काळात धुरपताबाई खडी फोडायला होती, पोटुशी. तीही अशीच पडली होती. तिच्याही नाकाला खेटर लावलं होतं. तीन दिवस घरात ठेवली, मग पोर मेलेलं झालं आणि त्यानंतर कूस उजवली न्हाई. ह्या गोष्टीवर धुरपताबाई रडलेली गावात कुणी बघितली न्हाई. त्यानंतर ती फक्त चिडलेली बघितली. मुकादमावर चिडायची, रेशनवाल्यावर चिडायची, उनावर चिडायची. लोक म्हणायचे, धुरपती तापट आहे. तापट काय, तिला नुसतं विसरता येत नव्हतं.

“आन् दुसरं सांगू का?” ती म्हणाली. “तू अन् मी नव्या नवऱ्या होतो, तवा मामंजी बुद्धाची दीक्षा घेऊन आले. घरातला मसोबा, मरीआई, टाक, सगळं पोत्यात भरून बुडवलं. आपुन दोघी बघत होतो. तेहतीस कोटी बुडवले गं अक्का. हा आठवा महिना तेवढा कुठल्या उतरंडीत लपवून ठिवलास?”

नागुबाई खाली बसली. बसली, पण दारातच. म्हणजे दार बंदच.

धुरपताबाईनं मग वाद सोडला. आपल्या बोलण्यानं दार उघडत न्हाई हे तिला कळलं, आणि वेळ चालला होता. “हिला डाव्या कुशीवर ठेव, तोंडात काही घालू नगो,” एवढं बजावून ती वळली आणि आल्या वाटंनं पळत सुटली.

गुरुवार म्हणजे मोजमापाचा दिवस, आणि त्या दिवशी जीप येते. लातूर जिल्हा वेगळा होऊन चौथं वर्ष चाललं होतं. पाट्या नव्या लागल्या, शिक्के नवे झाले, जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं म्हणून भाषणं झाली. बोरदऱ्याच्या वाट्याला त्यातली एकच नवी वस्तू आली होती, ती म्हणजे आठवड्यातून एकदा दिसणारी ओव्हरसियरची जीप.

जीप बांधाखाली उभी होती. ओव्हरसियर हातात टेप घेऊन खड्ड्यांतून हिंडत होता. मागं मुकादम केरबा छत्री धरून.

“सायेब, जीप पायजे. सून मरून राहिलीय. अहमदपूरच्या दवाखान्यात न्यायची हाय.”

ओव्हरसियरनं टेप गुंडाळला न्हाई. “बाई, सरकारी जीप आहे. पेशंट नेता येत नाही त्यात. रजिस्टरमध्ये काय लिहू मी?”

“लिवा की, बाई मरत होती म्हनून नेली.”

“असं लिहिता येत नाही. एसटी आहे ना?”

“येष्टी चार वाजता.”

“मग मोजमाप संपलं की बघू. आज मला लातूरला आकडे द्यायचेत. वरून विचारणा आहे.”

केरबा पुढं झाला. “धुरपताबाई, सायबाला काम करू दे. बायकांच्या अडचनी असत्यातच.”

धुरपताबाई वळली. ती आपल्या टोळीच्या खड्ड्यात उतरली.

माती किती खोल खोदली हे मोजायला खड्ड्याच्या मधोमध मूळच्या जमिनीचा एक खुंट तसाच सोडतात. खुंटाच्या डोक्यापासून तळापर्यंत टेप लावायचा, तीच खोली. खुंट ढासळला तर आठ दिवसांची खोदाई कशावरून? मोजायला काही उरतच न्हाई. म्हणून बाया त्या खुंटाला पोटच्या पोरागत जपतात. पाय लागला तरी शिव्या घालतात.

धुरपताबाईनं टिकाव उचलला आणि खुंटाच्या बुडात घातला. दुसऱ्या घावाला खुंट आडवा झाला.

“अगं बया!” टोळीतली एक किंचाळली. “याड लागलं का काय? आमचा आठवडा!”

“माझा बी हाय त्यात,” ती म्हणाली आणि शेजारच्या खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहिली. “सायेब, हितं बावीस खड्डे हायेत. मी एकेकाचा खुंट पाडत येते. तुमी तवर लातूरचे आकडे जुळवा.”

“पकडा तिला!” ओव्हरसियर ओरडला.

कुणी पकडलं न्हाई. बाप्यांना टिकावाची भीती वाटली असेल. बायांचं मात्र वेगळं झालं. शेजारच्या टोळीची एक म्हातारी, जिचं धुरपताबाईशी पाण्यावरून तीन दिवस भांडण चालू होतं, तीच म्हणाली, “पाड गं आमचा बी. बायकांच्या अडचनी असत्यात म्हनतोय भाड्या.”

ओव्हरसियरनं केरबाकडं बघितलं. केरबानं छत्री मिटवली. आणि तेवढ्यात जीप सुरू झाल्याचा आवाज आला. ड्रायव्हर मन्मथ, उदगीरकडचा, कधीचा जीपच्या बॉनेटवर कोपर टेकून ऐकत होता. तो आत बसून चावी फिरवून मोकळा झाला होता.

“मन्मथ! कुणाला विचारून?” ओव्हरसियर गरजला.

“साहेब, डिझेल टाकायला अहमदपूरला जायचंच होतं की,” मन्मथ म्हणाला. “जाता जाता वाटंत कोण बसलं ते मला मागं बघितल्याशिवाय कसं कळणार? चला मावशी, टिकाव ठेवा खाली. का तो बी आणताय?”

बोरदऱ्यात जीप घरासमोर उभी राहिली तेव्हा नागुबाई दारातच होती. पण आता आतून एक आवाज येत होता. चांगुणाचे दात एकमेकांवर वाजत होते, उजवा हात आपोआप उडत होता. नागुबाईनं ते ऐकलं होतं. तिचं तोंड राखेसारखं झालेलं.

“अक्का, सरक, न्हाईतर तुला बी उचलून घालीन.”

नागुबाई सरकली. भीमानं बायकोला दोन्ही हातांवर घेतलं आणि आईकडं न बघता जीपेत ठेवलं. निघताना नागुबाईही मागं चढली. ओढ्यापाशी आल्यावर तिनं मन्मथच्या खांद्याला हात लावला, “बाबा, एक घडी थांब, मी उतरून—”

“थांबलास तर बघ,” धुरपताबाई म्हणाली.

मन्मथनं गिअर टाकला. जीप ओढ्यात आदळत उतरली, आदळत चढली. नागुबाईनं डोळे मिटून सुनेचे पाय धरून ठेवले होते.

अहमदपूरला दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं दंडाला पट्टा बांधला, काटा बघितला, पुन्हा बांधून बघितला. आधी सुई, मग सलाईन, आणि मग मागं वळली.

“किती दिवस पाय सुजलेत?”

नागुबाईनं सुनेच्या पायांवर पदर ओढला.

“पाय सुजलेत हे कुणाला दिसलं नाही? झटके सुरू झालेत हिला. अजून तासभर उशीर केला असता तर आईही गेली असती आणि मूलही. लातूरला न्यावी लागेल. दवाखान्याची गाडी देते. रक्त द्यायला कोण येणार?”

“मी,” भीमा म्हणाला. दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला कामाचा शब्द होता.

“डाकटरीणबाई,” नागुबाई हळूच म्हणाली, “आठव्यात शीव—”

“काय?”

“काई न्हाई.”

लातूरला दुसऱ्या दिवशी पोट फाडून मूल काढलं. मुलगी झाली, दीड किलोची, मुठीत मावेल एवढी. तिला कापसात गुंडाळून दिव्याखाली ठेवलं. पहिल्या दिवशी डॉक्टर काही सांगेनात. शनिवारी ती चमच्यानं दूध गिळायला लागली. रविवारी चांगुणानं डोळे नीट उघडले, आणि पहिली गोष्ट काय बोलली तर, “काकी, खड्डा मोजला का?”

“गप पड,” धुरपताबाई म्हणाली. बाहेर व्हरांड्यात जाऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, “तू सांगितलंस तवा मी तुला हाकलून लावली. पुन्यांदा मी असं म्हनले तर माझ्या तोंडावर थुंक. दुसरीकडं जाऊन सांग. पर सांग.”

चांगुणाला झोप लागली होती.

सोमवारी सकाळच्या एसटीनं धुरपताबाई जांभळसांगवीच्या फाट्यावर उतरली आणि तशीच कामावर गेली. नागुबाई लातूरलाच राहिली, सुनेच्या उशाला. टोळीला त्या आठवड्याची मजुरी मिळाली न्हाई. बाया तोंड फिरवून बसल्या होत्या. ते धुरपताबाईनं धरलंच होतं.

“कशी हाय चांगुणा?” एकीनं शेवटी विचारलं.

“जगली. पोरगी बी हाय.”

“केवढी झाली?”

“दीड किलो.”

“बघ,” दुसरी आपल्या शेजारणीला म्हणाली, हळू, पण ऐकू जाईल अशी. “शीव वलांडली म्हनूनच अधुरी झाली.”

धुरपताबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाई मागं सरकली. पण धुरपताबाईनं हात उचलला न्हाई. तिनं त्या बाईच्या पोटाकडं बघितलं. पदराआड चार महिन्यांचं पोट होतं.

“उद्या मंगळवार,” ती म्हणाली. “तुळजाबाई जवळच्या गावात असती. मी तुला तिच्याकडं नेनार हाय. तू आपल्या पायानं आलीस तर बरं, न्हाईतर झिंज्या धरून नेईन. मग गावभर सांगत बस, धुरपतीनं मारलं म्हनून.”

“मला काई झालं न्हाई.”

“झाल्यावर न्यायला माझ्याकडं आता जीप न्हाई. खा काय खायाचं ते. अन् उठताना दमानं उठ.”

मग तिनं लुगड्याचा कासोटा घट्ट केला, नव्या खड्ड्याची रेघ ओढली, मधली जागा सोडली आणि टिकाव घातला. जमीन दगडागत होती. तिसऱ्या घावाला ढेकूळ निघालं.

“बघून काय राहिल्या?” ती म्हणाली. “टोपली आना.”